गोदाआत्या अजून आहेत

शिवाजी पार्क, दादर
२ डिसेंबर २०२४

चि. विहंग,

काकांचा आशीर्वाद. समुद्र शांत असेल आणि जेवण बरं मिळत असेल असं धरून चालतो आणि मुद्द्यावर येतो. मागच्या सुट्टीत तू आमच्या दिवाणखान्यात जी पेटी बसवून गेलास, ती बिघडली आहे.

टीव्हीवरचे कार्यक्रम आपोआप भरून ठेवायचे आणि तुझ्या काकूला हवे तेव्हा दाखवायचे, एवढंच तिचं काम. भरून ठेवते ती चोख, पण दाखवताना तिचा जीव जातो. चित्र चार पावलं चालतं, थांबतं, मधोमध एक गोल फिरत बसतो, मग पुन्हा चार पावलं. काल सुमतीच्या त्या ‘सात दारांचं घर’ मालिकेत एक बाई जिना उतरायला लागली, तेव्हा मी चपला घातल्या. पार्काला दोन फेऱ्या मारल्या, भाजी घेतली, परत आलो. बाई तिसऱ्या पायरीवर होती.

मी स्वतः असल्या मालिका बघत नाही, हे तू जाणतोसच. संध्याकाळी मी बी विंगच्या तळमजल्यावर इग्नेशियसकडे पत्ते खेळायला जातो. पण वर आल्यावर जेवताना तीच मालिका चालू असते, आणि अकरा वर्षं घरात चाललेली गोष्ट इतकी सावकाश कानावर पडू लागली की माणसाला चक्कर येते.

तू एवढ्या मोठ्या बोटीची वीज सांभाळतोस. मग दीड वीत पेटी तुझं ऐकत नाही म्हणजे काय? फेब्रुवारीत तुझं लग्न, घरात माणसं येणार. त्याआधी याचा निकाल लाव.

मनमोहनकाका


बोटीवरून
९ डिसेंबर

काका, नमस्कार.

इथून फोन लागत नाही. बंदर जवळ आलं की मेल जातात-येतात, म्हणून उशीर झाला. टेन्शन घेऊ नका, पेटी हळू चालायची कारणं ठरलेली असतात. एक तर ती गरम होत असेल. काकूने वर विणलेला रुमाल घातला असणार, तो आधी काढा. नाहीतर आतली जागा भरली असेल, मग जुनं काहीतरी पुसून टाका. टीव्हीला जाणारी वायर नीट बसलीय का बघा. आणि महत्त्वाचं म्हणजे दिवसभर हळू चालते की ठरावीक वेळीच, हे लक्ष ठेवून कळवा.

मी मजेत. इथला खानसामा रोज तेच चिकन करतो. देविका म्हणत होती, काकूंबरोबर हिंदमाताला साड्या घ्यायला जायचंय. काकूला सांगा, स्वतःसाठी पण चांगली घे, कंजूसपणा नको.

विहंग


दादर
१५ डिसेंबर

चि. विहंग,

रुमाल काढला. सुमतीने परत घातला. पुन्हा काढला आणि पेटीसमोर टेबलफॅन लावला. आता पेटी थंड आहे आणि मला सर्दी झाली आहे. जागा करण्यासाठी माझे जुने क्रिकेटचे सामने पुसले, म्हणजे त्याग कोणी केला ते लक्षात ठेव. वायर काढून, फुंकर मारून, परत बसवली.

निरीक्षण असं की सकाळी सदर यंत्र घोड्यासारखं धावतं. भजन लावलं तर टाळ एकही चुकत नाही. संध्याकाळी सातच्या ठोक्याला मात्र त्याचे पाय गळतात. मी सातला इग्नेशियसकडे जात असल्याने पुढचं सुमतीला विचारलं, तर ती म्हणाली, “दमत असेल हो बिचारी.” यंत्र दमतं असं मी गोदीच्या कचेरीत छत्तीस वर्षांत ऐकलं नाही.

मनमोहनकाका


दादर
१६ डिसेंबर

बाळा विहंग,

हे वाचलंस की लगेच पुसून टाक. काकांना कळता कामा नये. पेटी बिघडलेली नाही रे. मीच तिला दमवतेय.

त्याचं असं झालं. पहिल्या मजल्यावरच्या रश्मीचा एक भाग चुकला, म्हणून मी तिला आपल्या पेटीचा पासवर्ड दिला, तेव्हा चित्र जरा अडखळलं. मग समोरच्या सुंदराबाईंना दिला, तर अजून अडखळलं. माझ्या डोक्यात उजेड पडला. आता ए विंगमधली सातही घरं आपल्याच पेटीवर बघतात. सात वाजले की मी खिडकीचा गज चमच्याने वाजवते आणि सगळ्याजणी एकदम बटण दाबतात. एक भाग दोन-दोन, तीन-तीन संध्याकाळी पुरतो.

तू विचारशील, कशाला? कारण गोदाआत्या हॉस्पिटलात आहेत. डॉक्टर म्हणाले, पुढचे चोवीस तास कठीण आहेत. ते चोवीस तास आम्ही दिवाळीपासून पुरवतोय.

दोन वर्षांपूर्वी मालिकेतले अप्पा गेले तेव्हा आम्ही सगळ्याजणींनी डोक्यावरून अंघोळ केली, दहा दिवस पाळले. इतकी वर्षं ज्यांच्याबरोबर जेवलो, त्यांचं पाळायचं नाही तर कोणाचं? तुझे काका हसत सुटले आणि मग होळीला पुरणपोळीऐवजी वरणभात जेवले. आता आत्यांचं काही झालं आणि ते ऐन तुझ्या लग्नात आलं तर? मी गुरुजींना फोन केला. त्यांनी पंचांग चाळलं. मग म्हणाले, “सुमतीबाई, सुतक कळेपर्यंत लागत नाही.” झालं! म्हणून आम्ही कळूच देत नाही. बी विंगवाल्या रोजच्या रोज बघतात, त्यांच्याशी बोलणं सोडलंय. गच्चीवर पापड टाकायला गेले तरी कानात कापूस असतो.

रश्मी म्हणाली, मग बघणंच बंद करू. मी म्हटलं, अगं, आजारी माणसाला भेटायला जायचं बंद करतात का?

हसू नकोस. तुझे आईबाबा गेले तेव्हा तू चार वर्षांचा होतास. तेव्हापासून तुझा ताप, तुझी शाळा, तुझं ते लिंबू न पिळता भात न खाणं, सगळं मी काढलं. पण तुझ्या मुंजीच्या आदल्या दिवशी माझे वडील गेले, आणि मातृभोजनाला तुझी लतिकामावशी बसली. मी मागच्या खोलीत दार लावून बसले होते. ती तुला भरवताना म्हणत होती, “आता मीच तुझी आई हं.” ते मला ऐकू येत होतं. त्यानंतर कितीदा तरी मी दार लावलं की तेच ऐकू येतं. लग्नात पुण्याहवाचनाच्या पाटावर मला बसायचंय आणि देविकाचं सूनमुख मला बघायचंय. लतिका गिरगावात टपून बसलीय. ती रोजच्या रोज मालिका बघते आणि मला सारखे फोन करते. मी उचलत नाही.

तेव्हा पेटी सुधारू नकोस. जमलं तर अजून हळू कर.

काकू


बोटीवरून
२७ डिसेंबर

काकू,

आधी हसलो, खोटं कशाला बोलू. मग मुंजीचं वाचलं आणि इंजिन रूममध्ये जाऊन बसलो. मला वाटायचं, त्या दिवशी तू आजारी होतीस. मला तसंच सांगितलं होतं.

काकू, ती नटी आहे गं. गोदाआत्या शूटिंग संपवून घरी जाते, चहा पिते. पण तू ऐकणार नाहीस, ते ठाऊक आहे. पेटीचं म्हणशील तर तुझा अंदाज करेक्ट आहे. प्रत्येक टीव्हीला झेपेल असं चित्र तिला बदलून द्यावं लागतं. एका बाईला सात घरची धुणीभांडी दिल्यासारखं ते झालंय. राहू दे तसंच. काकांना मी काहीतरी कामं देतो, म्हणजे ते बिझी राहतील.

विहंग


दादर
६ जानेवारी २०२५

चि. विहंग,

तुझ्या सूचनेप्रमाणे टीव्हीचं तोंड उत्तरेकडे केलं. त्यामुळे आम्ही दक्षिणेकडे तोंड करून जेवतो आणि सुमती रोज देवाची क्षमा मागते. पेटीखाली लाकडी पाट ठेवला. तिला तीन दिवस विश्रांतीही दिली. कशानेही फरक पडला नाही.

तथापि आता घाई नाही. खरं सांगायचं तर पेटी आहे तशीच हळू राहू दे. सुमतीला सावकाश बघण्याची सवय झाली आहे, तिच्या प्रकृतीला ते मानवतं. लग्न पार पडेपर्यंत तू कोणतीही सुधारणा करू नयेस, ही कृपया विनंती. ‘कृपया’ हा शब्द मी कचेरीबाहेर प्रथमच लिहीत आहे, यावरून समज.

मनमोहनकाका


बोटीवरून
११ जानेवारी

काका,

अचानक काय झालं? महिनाभर माझ्या मागे लागलात आणि आता राहू दे म्हणता? तुम्ही पेटी पाडलीत का? खरं सांगा, ओरडणार नाही. इथे बंदरात नेट बरं आहे, म्हणून पेटीत भरलेला सगळ्यात ताजा भाग मी इकडे उतरवून घेतोय. भरतानाच खराब होतोय की काय, तो बघितल्यावर कळेल.

विहंग


दादर
१६ जानेवारी

बाळा,

संक्रांत झाली. तू काकांना ताजा भाग उतरवतोय असं लिहिलंस म्हणे. त्यात काय आहे ते मला अजिबात कळवू नकोस. वाचणारसुद्धा नाही मी.

लतिका फोनवर जमेना म्हणून परवा हळदीकुंकवाला स्वतः आली. दारातूनच म्हणाली, “सुमती, तुला कळलं का?” रश्मीने तिच्या तोंडात तिळाचा लाडू घातला. तो संपल्यावर “अगं, गोदाआत्या...” म्हणतेय तोच सुंदराबाईंनी दुसरा घातला. असे तिने डझनभर तरी लाडू खाल्ले असतील. शेवटी पाणी मागितलं, हातात वाण घेतलं आणि गेली. तोंडभर गोड खाऊन माझ्याकडे इतकं कडू बघणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

देविकाबरोबर हिंदमाताला जाऊन आले. गुणी पोर आहे हो. दुकानात टीव्ही चालू होता, म्हणून मी सगळ्या साड्या त्याच्याकडे पाठ करून, कापूस घालून घेतल्या. घरी येऊन बघते तर माझी पैठणी पोपटी. मी मोरपंखी मागितली होती. दुकानदार काहीतरी ओरडून सांगत होता खरा.

एक काळजी आहे. तुझ्या काकांचं काहीतरी बिनसलंय. तिळगुळाला हात लावला नाही, म्हणे शुगर. देवपूजा करत नाहीत, म्हणे गुडघे. दाढी वाढवलीय, म्हणे लग्नात वेगळं दिसायचंय. या वयात?

आत्यांनी काल डोळे उघडले. अर्धा तास उघडत होत्या.

काकू


दादर
१२ फेब्रुवारी

चि. विहंग,

घरात अनर्थ झाला आहे. शांतपणे वाच.

काल ए विंगमधल्या सगळ्या बायका ठाण्याला एका डोहाळजेवणाला गेल्या. सुमती लग्नाच्या कामामुळे मागे राहिली. सात वाजता सवयीने गज वाजवला आणि बटण दाबलं. पेटीवर ती एकटीच! पेटी अशी सुटली की बोलायची सोय नाही. एक भाग संपला की पुढचा आपोआप सुरू. सुमतीला थांबवता येईना, की थांबवावंसं वाटेना, कोण जाणे. मी नऊला वर आलो तेव्हा ती ओल्या केसांनी खुर्चीत बसली होती. म्हणाली, “आत्या गेल्या. लतिकाला सांगा, पाटावर ती बसेल.”

आता मला सांगणं भाग आहे. आत्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच गेल्या. मला माहीत होतं. इग्नेशियसकडे पत्ते कधीच नव्हते. आम्ही तिथे मालिका बघतो, रोजच्या रोज. मी एकटा नाही. ए विंगचे झाडून सगळे नवरे तिथे असतात. कोणी बायकोला भजनाला जातो सांगतं, कोणी सोसायटीच्या मीटिंगला. इग्नेशियसची बायको हेलन सगळ्यांना चहा देते. मग वर येऊन दोन महिने जुना भाग गोगलगायीच्या चालीने पुन्हा बघायचा, आणि तोंडावर काही दिसू द्यायचं नाही! म्हणून मी तुझ्या मागे लागलो होतो.

आत्या गेल्या त्या संध्याकाळी हेलनचा चहा तसाच निवला. इग्नेशियस उठून म्हणाला, “बाय चांगली होती रे.” रविवारी त्याने चर्चमध्ये तिच्या नावाने मिस्सेची प्रार्थना वाहिली, आणि वेलकर, सोमण, प्रधान सगळे मागच्या बाकावर बसले. मी पुढचे दहा दिवस पाळले. का पाळले? सुमतीला अप्पांच्या वेळी हसलो होतो, ते मनात होतं. आणि तिच्या आत्या त्या माझ्याही कोणीतरी लागणारच ना! तिला सांगितलं असतं तर लग्नाच्या कामात तिचा हात थांबला असता. म्हणून सांगितलं नाही.

हे सगळं काल तिला सांगितलं. गुरुजींनाही फोन लावून दिला. ते म्हणाले, घरच्या कर्त्याने पाळलं म्हणजे घराचं झालं, आणि उशिरा कळलं तर जास्तीत जास्त तीन दिवस. सुमती म्हणाली, “उशिरा कसं? मी समोर होते! माझ्यादेखत गेल्या!” गुरुजींनी फोन ठेवला. लग्न वीसला, पुण्याहवाचन एकोणीसला. तिच्या हिशेबाने ती बसू शकत नाही. मागच्या खोलीत गेली आहे आणि दार लावून घेतलं आहे.

विहंग, मला ते दार उघडता येत नाही. तू लिही.

मनमोहनकाका


कोलंबो बंदर
१३ फेब्रुवारी

काकू,

परवा बोटीवरून उतरतोय, मग पहिल्या विमानाने घरी. पण तोपर्यंत तू त्या खोलीत बसलेली मला चालणार नाही, म्हणून हे लिहितोय.

मी ताजा भाग उतरवून घेतला होता ना, तो तपासायला लावला. चित्र एकदम क्लीन होतं. पहिल्याच सीनमध्ये गोदाआत्यांच्या फोटोला हार. मी वायरचं, पेटीचं सगळं विसरलो. जेवताना तू मला तिच्या घरातल्या भांडणांच्या गोष्टी सांगून भात भरवायचीस, ते आठवलं. मालिका सुरू झाली तेव्हा मी मोठा होतो म्हणशील, हो, पण आजारी पडलो की तू तेव्हाही भरवायचीसच.

मी डोक्यावरून अंघोळ केली. बोटीवर पाणी जपून वापरायचं असतं, चीफ इंजिनियरने विचारलं, एवढं काय? मी म्हटलं, घरात गमी झालीय. त्याने हात धरला माझा. त्या आठवड्यात कॅप्टनचा वाढदिवस होता. केक खाल्ला नाही, तर माझ्या केबिनमधला डॅरेन म्हणाला, “अरे, कोण गेलं नेमकं?” मी म्हटलं, आत्या. लांबची का? मी म्हटलं, नाही रे, घरातलीच. माझ्या आईची.

काकू, सुतक कोणाला लागतं ते मला तूच शिकवलंयस. शेजाऱ्याला लागत नाही, मित्राला लागत नाही. नुसत्या भाच्याला, पाहुण्याला लागत नाही. घरातल्यालाच लागतं. मला लागलं, मी पूर्ण पाळलं, आणि ते फिटलं. काकांनी पाळलं, फिटलं. आता त्या घरात तू एकटीच वेगळी कशी काय? तू माझ्या घरातली नाहीस का?

लतिकामावशीला मी मान देतो. पण मुंजीत मला विचारलं नव्हतं, आठ वर्षांचा होतो. आता विचारणार असाल तर सांगतो. त्या पाटावर तू नसलीस तर मी पण नाही.

विहंग


दादर
१४ फेब्रुवारी

विहंग,

तुझं पत्र काकांनी दाराबाहेर उभं राहून मोठ्याने वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा मध्येच ते चष्मा पुसायला थांबले. मी दार उघडलं. त्यांना म्हटलं, आधी ती दाढी काढा.

मग लतिकाला मीच फोन लावला. ती म्हणाली, “सुमती, ते गोदाआत्यांचं...” मी म्हटलं, “कळलं. एकोणीसला सकाळी आठला ये. पाटावर मी बसतेय, तू अक्षता टाकायला पुढे उभी राहा.” तिने आधी टीव्ही बंद केला. मग म्हणाली, “मी सुतकाचं सांगायला फोन करत नव्हते गं. त्या गेल्या, तर माझ्याबरोबर रडायला घरात कोणी नव्हतं.” मग आम्ही दोघी फोनवर रडलो. आता पोपटी पैठणीवर शोभेल असा तिच्याकडचा मोत्यांच्या नथ-बुगड्यांचा जोड ती आणून देणार आहे.

ए विंगमध्ये सगळ्या नवऱ्यांची झडती चालू आहे. त्यात मी पडत नाही.

आणि काय रे, केक नाही, गोड नाही, वर ते रोजचं चिकनही सोडलं असशील. दहा दिवस तू खाल्लंस तरी काय? वाळला असशील नुसता. अंगरखा सैल होईल आता, शिंपी पुन्हा मापं घेणार कधी? उतरलास की विमानतळावर काही खाऊ नकोस, सरळ घरी ये. भात लावते.

काकू